झुरिकच्या हॉटेलात पैसे घालण्यापेक्षा कॉन्स्टान्सला राहा (नागपूरकरणीचा रिव्ह्यू)

आधी रेटिंग देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

आपल्याकडे स्वित्झर्लंड म्हटलं की लोक डोळे झाकून झुरिक नाही तं लुसर्नचं हॉटेल बुक करतात, आणि परत आल्यावर धरमपेठेत भेटले की एकच रडगाणं, पाण्याची बाटली एवढ्याची, साधं सँडविच तेवढ्याचं. अहो मग बॉर्डरच्या अलीकडे राहा ना बाप्पा! कॉन्स्टान्स हे जर्मनीतलं तलावाकाठचं शहर, वस्ती 85 हजारच्या आसपास, पण स्वित्झर्लंडला इतकं चिकटलेलं की जुन्या गावातून गप्पा मारत पायी निघालात तर गप्पा संपायच्या आधी देश बदलतो. पलीकडचं गाव क्रॉयत्सलिंगेन, दोन्हींच्या घरांमध्ये मोकळं मैदानसुद्धा नाही. मुंबईहून झुरिकला डायरेक्ट फ्लाइट आहे आणि झुरिक एअरपोर्टवरून कॉन्स्टान्सला थेट ट्रेन, तासाभराचा रस्ता, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तलाव.

व्हिसाचं टेन्शन नाही. स्वित्झर्लंड 2008 च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर सकाळी तिकडे दुपारी इकडे चालतं, पासपोर्ट मात्र पर्समध्ये असू द्या कारण मधेच कोणी विचारू शकतं. पण ते युरोपियन युनियनमध्ये नाहीत, म्हणून कस्टम आहे, आणि पैसे फ्रँक. याच भानगडीवर कॉन्स्टान्सचं अर्धं मार्केट चालून राहिलंय! स्विस लोक शनिवारी गाड्या भरभरून येतात, साबण डायपर चीज काय वाट्टेल ते घेतात, बिलासोबत एक फॉर्म घेतात, बॉर्डरवर जर्मन कस्टमचा शिक्का मारून घेतात आणि नंतर जर्मनीचा टॅक्स परत मिळवतात. एका बिलात 50 युरोच्या वर खरेदी असेल तर हे आपल्यालाही लागू आहे, आपणही युनियनच्या बाहेरचेच. फक्त परतीची फ्लाइट झुरिकहून असेल तर शिक्का कॉन्स्टान्सच्या बॉर्डरवरच मारून घ्यायचा, झुरिक एअरपोर्टवर जर्मन शिक्का कुठून मिळणार. आमच्यासमोर एक बाई ट्रॉलीत टॉयलेट पेपरचा डोंगर घेऊन लाइनीत उभ्या होत्या, सासूबाई म्हणाल्या, श्रीमंत देशातले लोकपण सीताबर्डीत भाव करायला येतात तसे येतात का गं.

आता बॉर्डर. मला वाटलं होतं गेट, बंदूक, कुत्रं असं काहीतरी असेल. तलावाकाठी जिथे दोन देश मिळतात तिथे 2006 पर्यंत तारेचं कुंपण होतं, ते काढून 2007 मध्ये योहानेस ड्योरफ्लिंगर नावाच्या कलाकाराची 22 उंच लाल शिल्पं उभी केली, टॅरोच्या म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांवरची. तीच बॉर्डर. पोरं एक पाय जर्मनीत एक पाय स्वित्झर्लंडमध्ये ठेवून फोटो काढून राहिली होती आणि एक आजोबा मधोमध बाकावर पेपर वाचत बसलेले. पण 2020 च्या मार्चमध्ये कोरोनात इथेच परत जाळी लागली. अर्धे जोडीदार इकडे अर्धे तिकडे, ते जाळीतून हात धरायला लागले म्हणून थोड्या अंतरावर दुसरी जाळी ठोकली! हे ऐकल्यावर तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आणि याच गावच्या बॉर्डरवर 8 नोव्हेंबर 1939 ला गेओर्ग एल्सर पकडला गेला. सुतार माणूस, म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलर भाषण द्यायचा त्याच्या मागच्या खांबात टाइम बॉम्ब लपवून स्वित्झर्लंडला पळत होता. तो पकडला गेला तेव्हा बॉम्ब फुटायचाही होता, आणि हिटलर भाषण आटोपून तेरा मिनिटं आधी निघून गेला. एल्सरला 1945 च्या एप्रिलमध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारलं, युद्ध संपायला महिनाच उरला होता. मी इतिहासवाली नाही, पण पलीकडचे दिवे दिसत असताना सापडणं म्हणजे काय असेल हो.

बंदरावर इम्पेरिया नावाचा फिरता पुतळा. 9 मीटर उंच, 18 टन वजनाची बाई, 1993 मध्ये पेटर लेंकने केलेली, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारते. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले आणि विचारलं, ही कोणती देवी? आता काय सांगू! ती आहे गणिका, अंगावरचे कपडे म्हणाल तर नावाला, आणि दोन हातांवर दोन उघडे बुटके, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, एकाच्या डोक्यावर राजाचा. इथे 1414 ते 1418 चर्चची मोठी परिषद भरली होती, तीन पोप भांडत होते त्यांचा निकाल लावून 1417 मध्ये नवा निवडला, आणि त्याच परिषदेने चर्चवर टीका करणाऱ्या यान हुस नावाच्या धर्मसुधारकाला 1415 मध्ये जिवंत जाळलं. त्या सगळ्या थोरामोठ्यांची ही बाई टिंगल करून राहिली आहे. एवढं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, मग बरोबरच हात जोडले मी.

फेरीला पूर्ण मार्क. कॉन्स्टान्सहून मेर्सबुर्गला कार फेरी 1928 पासून चालू आहे, रात्रीसुद्धा बंद नाही, पंधरा मिनिटांत पलीकडे. पायी जाणाऱ्याचं तिकीट स्वस्त, वरच्या डेकवर उभं राहायचं, आकाश स्वच्छ असलं की समोर आल्प्स. एक गंमत कळली की तलावाच्या मोठ्या भागात जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांची सीमा नेमकी कुठे, हे आजवर कागदावर ठरलेलंच नाही, आणि कोणाचं काही अडतही नाही. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावरून दोन भाऊ कोर्टात जातात! पाणी इतकं स्वच्छ की जर्मनीत 40 लाख लोकांना पिण्याचं पाणी याच तलावातून जातं. हॉर्न नावाचा बीच आहे, एंट्री फुकट, लोक ऑफिसातून थेट येऊन उड्या मारतात. नागपूरच्या फुटाळा तलावावर चक्कर मारून मका खाणाऱ्या माणसाला हे बघून जरा जळजळ होतेच.

खाण्याचं म्हणाल तर व्हेज असाल तर केझश्पेट्झले मागवा. मैदा-अंड्याच्या आखूड जाड शेवया, वर भरपूर चीज आणि कुरकुरीत तळलेला कांदा, चीज ताणलं की तार ताटापासून तोंडापर्यंत येते. अंडं चालत नसेल तर विषय संपला. तिखट शून्य, आम्ही पर्समधून सावजी मसाल्याची पुडी काढली, वेटर बघत राहिला, मग त्यालाही चिमूटभर दिली, त्याने पाणी मागवलं. पातळ भाकरीवर क्रीम आणि कांदा घातलेला डिन्नेले पण मस्त, फक्त ऑर्डर देताना "स्पेक नको" म्हणायचं, नाही तं डुकराच्या मांसाचे तुकडे येतात.

आता तो कापलेला अर्धा मार्क. एक, रविवारी दुकानं कडकडीत बंद, दूध पाव शनिवारीच आणून ठेवा. दोन, फोन. जुन्या गावात रूमवर बसल्या बसल्या फोन स्विस नेटवर्क पकडतो, आणि आमच्या मोबाइल कंपनीच्या पॅकमध्ये जर्मनी होतं पण स्वित्झर्लंड नव्हतं. कस्टमर केअरवाला म्हणे मॅडम तुम्ही बॉर्डर क्रॉस केली असणार. अरे बाबा मी गादीवर पडली होती! बिल आलं ते आलंच. नेटवर्क मॅन्युअली सिलेक्ट करून ठेवा. तीन, हॉटेल बुकिंगच्या रेटमध्ये टुरिस्ट टॅक्स नसतो, तो तिथे गेल्यावर द्यावा लागतो, पण त्यावर गेस्ट कार्ड मिळतं आणि सिटी बस फुकट होते, काउंटरवर आठवणीने मागून घ्या, आमच्या शेजारच्या रूमवाल्यांना कोणी सांगितलंच नाही, ते रोज तिकीट काढून राहिले होते.

मे ते सप्टेंबर जा. नोव्हेंबरात धुकं असं बसतं म्हणतात की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि फेरीत उभं राहून पांढरं बघायला एवढे पैसे कशाला घालायचे.