धुराड्याची गळती आणि डांबरी पट्टीची ‘गॅरंटी’

आमच्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा अजूनही लाकडाच्या चुलीवर शिजतो आणि त्या चुलीचे लोखंडी धुराडे पन्हाळी पत्र्याच्या छपरातून वर गेलेले आहे. मृगाच्या पावसात धुराडे पत्र्याबाहेर पडते त्याच जागी गळती सुरू झाली, म्हणून वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्या शहरातील एका ठेकेदारास आम्ही बोलावले. त्याने छपरावर न चढताच ‘संपूर्ण पत्रा कुजला आहे’ असे सांगितले, खास रसायनाच्या नावाखाली भक्कम आगाऊ रक्कम घेतली आणि पाईपभोवती काळी डांबरी पट्टी गुंडाळून वरून सिलिकॉन फासले.

त्याची खरी लबाडी पुढे दिसली. ‘माल वाळेपर्यंत चूल पेटवू नका’ असे बजावून त्याने थंड पाईपवर बादलीभर पाणी ओतून दाखवले, थेंबही गळला नाही, आणि उरलेली रक्कम घेऊन तो गेला. चूल पेटताच पट्टी वितळून घाणेरडा वास सुटला आणि काळे ओघळ खाली उतरले. तक्रार केल्यावर ‘पाईपच फुटका आहे, सगळे धुराडे बदलावे लागेल’ असे सांगत त्याने त्याहून मोठा आकडा पुढे केला. व्हिजिटिंग कार्डामागे लिहून दिलेल्या गॅरंटीत उष्णतेने होणारे नुकसान धरत नाहीत, हेही तेव्हाच कळले. चुलीच्या धुराड्याला उष्णता सोडून दुसरे काय लागणार होते, हे त्यालाच ठाऊक.

पेटत्या चुलीच्या एकपदरी पाईपचे तापमान 200 अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. तेथे डांबर टिकत नाहीच, उलट ते पेट घेण्याचा धोका असतो. शिवाय लोखंड तापून लांबते आणि निवून आखडते, त्यामुळे पाईप आणि पत्रा एकमेकांना घट्ट चिकटवून टाकणारा कोणताही लेप फार काळ टिकत नाही. उद्यमनगरातील एका पत्रे-कारागिराने छपरावर चढून पाहिले, तेव्हा पत्रा शाबूत निघाला. पाईपभोवतीच्या पत्र्याच्या झालरीची वरची कड छपराच्या पत्र्याखाली असायला हवी होती, ती त्याच्यावर बसवलेली होती, आणि उतारावरून येणारे पाणी सरळ तिच्याखाली शिरत होते. त्याने झालर नीट सरकवली आणि तिच्या वर पाईपला उतरती कॉलर आवळली.

पाऊस नसतानाही तपकिरी, धुरकट वासाचे थेंब पडत असतील, तर दोष बहुधा छपराचा नसतो. ओल्या लाकडाचा धूर थंड पाईपमध्ये निवून त्याचे पाणी आणि चिकट काजळी खाली उतरते. हा फरक न विचारता छपराचा दर सांगणाऱ्यास काम देऊ नये, आणि शेवटचा हप्ता चूल पेटवून व पाऊस झेलून झाल्यावरच द्यावा.

पैसे मोबाईलवरून दिल्याची नोंद, वितळलेल्या पट्टीची छायाचित्रे आणि ते कार्ड जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.