राजगीर-नालंदा एक दिवसाची सहल : जागेला पाच तारे, वेळापत्रकाला दोन

बोधगयेहून पहाटे गाडी निघते, राजगीर-नालंदा करून रात्री परत. गाडी स्वच्छ, ड्रायव्हर सरळमार्गी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नालंदाच्या अवशेषांतून जवळपास पळवतच नेलं आणि चिनी प्रवासी युआन श्वांगच्या स्मारकाशी फर्मान सुटलं, "बाहेरूनच फोटो काढा, उशीर होतोय." सिलावला खाज्याच्या दुकानापुढे मात्र निवांत पाऊण तास! खाजा कुरकुरीत होता, खोटं कशाला बोलू. पण आम्ही नागपूरहून त्यासाठी नव्हतो आलो.

गाइडनं बख्तियार खिलजी आणि जळालेलं ग्रंथालय पुन्हा पुन्हा ऐकवलं. ६२९ साली चीनच्या बादशहाची परवानगी नसताना हा युआन श्वांग नावाचा भिक्षू वाळवंट तुडवत निघाला, इथे नालंदाचे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या पायाशी बसून 'योगाचारभूमी' हा बौद्ध ग्रंथ शिकला, यावर अवाक्षर नाही. विहाराच्या खोल्यांत झोपायचा ओटा आणि भिंतीत कोनाडा अजून आहे. मी हात घालून पाहिला. पणती आणि एखादी पोथी मावेल, बस. युआन श्वांगची बडदास्त अर्थात वेगळी होती, त्याला रोज महाशाली नावाचा उंची तांदूळ मिळायचा.

स्मारकात आम्ही चौघं हट्टानं आत गेलोच. चिनी धाटणीचं छप्पर, आत त्याच्या प्रवासाची चित्रं, गर्दी शून्य. चीनला परतताना सिंधू नदीत त्याची नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या वाहून गेल्या, तर हा गडी नकला करून आणायला माणसं धाडून थांबून राहिला. ६४५ मध्ये चीनच्या राजधानीत, चांगआनला पोचला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. मग मरेपर्यंत, म्हणजे ६६४ पर्यंत, भाषांतरं.

गाडीत बसल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं, की हा चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच नाही, असं लिहून ठेवलंय त्यानं. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात हेही. मागच्या बाकावरचे काका म्हणाले, "हत्तींनाच?"

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी ही सहल घेऊ नये. राजगीरला मुक्काम करा, सकाळी उन्हाच्या आत अवशेष बघा, तिथून टांगा करून स्मारक गाठा. पाणी आणि टोपी सोबत ठेवा, अवशेषांत सावली फार कमी आहे. खाजा येताना घ्या.