मेंदूच्या लहरी आणि चुकलेली बेरीज

नववीची परीक्षा आटोपली की पुण्यातल्या खासगी क्लासांमध्ये पालकांसाठी मार्गदर्शन शिबिरे भरू लागतात. अशाच एका शिबिरात नाव नोंदवून आम्ही साडेचौदा हजार रुपये भरले आणि मुलीची ‘ब्रेन मॅपिंग’ चाचणी करून घेतली. केंद्राचा युक्तिवाद ऐकायला शास्त्रशुद्ध होता. प्रश्नावलीत मूल मनाला येईल ते लिहू शकते, मेंदूच्या लहरी मात्र खोटे बोलत नाहीत. म्हणून दोन्ही चाचण्या घ्यायच्या आणि लहरींची उंची व प्रश्नावलीचे गुण एकमेकांशी जुळले की निष्कर्ष पक्का समजायचा. आमच्या अहवालात पाचही विभागांचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून खाली ठळक अक्षरांत ‘सहसंबंध ०.९८’ असे लिहिले होते; सहसंबंध १ म्हणजे दोन्ही आकडे अगदी बरोबरीने कमी-जास्त होतात, ० म्हणजे त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. एकाग्रता कमी आढळल्यामुळे आणखी अठ्ठेचाळीस हजारांचा वर्ग लावावा, अशी शिफारसही त्यात होती.

माझी नणंद एका रुग्णालयात ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) तंत्रज्ञ आहे. अहवालात ‘पी-३०० आयाम’ (आयाम म्हणजे लहरीची उंची) हे शब्द दिसताच तिने मुलीला विचारले, “कानात आवाज कसले ऐकवले गं?” मुलगी म्हणाली, “काहीच नाही, आत्या. टॅबवर मासे पोहताना दाखवत होते.”

पी-३०० हा मेंदूचा प्रतिसाद आहे, आणि प्रतिसाद म्हटला की आधी काहीतरी घडावे लागते. सारखे येणारे आवाज ऐकवत मध्येच एखादा वेगळा आवाज ऐकवायचा आणि तो मनाशी मोजायला सांगायचे. त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी जी लहर उठते तिला हे नाव आहे. १९६५ पासून ती अभ्यासात आहे. तिची उंची बहुधा दहा-वीस मायक्रोव्होल्टच्या आसपास असते आणि नुसती पापणी लवली तरी शंभरावर मायक्रोव्होल्टचा धक्का नोंदला जातो, त्यामुळे अनेक आवाजांच्या नोंदींची सरासरी काढल्याखेरीज ती वेगळी दिसतच नाही. झोप, कंटाळा, वय, कवटीची जाडी या सगळ्यांनी ती उंची बदलते. मासे पाहत बसलेल्या मुलीच्या कपाळावर कोरडी पट्टी बांधून या केंद्राने नेमके काय मोजले, हा प्रश्न इथेच उभा राहिला.

०.९८ हा आकडाही तितकाच संशयास्पद होता. लहरी आणि बुद्धिमापन यांची सांगड घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६९ मध्ये अर्टल आणि शेफर या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात असा संबंध मांडला होता, १९८० च्या सुमारास लंडनमध्ये हेंड्रिक्सन दांपत्याने ०.७ च्या पुढचा सहसंबंध जाहीर केला, पण नंतरच्या अनेकांच्या हाती तो तेवढा लागला नाही. समजा, सहसंबंध ०.३ असेल तर गुणांमधल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भागाचा उलगडा होतो, आणि तोही मोठ्या गटापुरता; त्यावरून एका मुलीचे भविष्य सांगता येत नाही. तीच प्रश्नावली त्याच मुलाला महिन्याभराने पुन्हा दिली तरी गुण सहसा इतके जुळत नाहीत, मग दोन अगदी वेगळ्या मोजमापांचे इतके कसे जुळावे?

त्याचे उत्तर फाइलमध्येच मिळाले, कारण मुलीची मूळ उत्तरपत्रिका चुकून अहवालाबरोबर आमच्याकडे आली होती. एकाग्रतेच्या विभागातील गुणांची बेरीज ६४ होते; समुपदेशकाने पेनाने ४६ लिहिले होते. अहवालात त्या विभागाचा प्रश्नावलीचा गुण ४६ होता आणि मेंदूच्या लहरींवरून काढलेला गुण ४७! लहरी खरोखर मोजल्या असत्या तर त्या समुपदेशकाच्या चुकलेल्या बेरजेशी जुळण्याचे काहीच कारण नव्हते. माझा तर्क असा, की प्रश्नावलीच्या आकड्यांत एक-दोन इकडेतिकडे करून दुसरा रकाना भरला जात होता. मेंदू खोटे बोलत नसेलही, पण इथे त्याला बोलूच दिले नव्हते.

केंद्रात जाऊन मी लहरींची कच्ची नोंद मागितली, तेव्हा ‘सॉफ्टवेअर कंपनीची गोपनीय माहिती’ असे सांगण्यात आले. बेरीज दाखवल्यावर सूर बदलला आणि उत्तरपत्रिका परत केल्यास निम्मी रक्कम देण्याची तयारी दाखवली गेली. उत्तरपत्रिका आम्ही दिलेली नाही. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून आम्ही आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.

अशी चाचणी कुणाला करायचीच असेल तर कोणता आवाज ऐकवून किंवा चित्र दाखवून प्रतिसाद मोजणार, कच्ची नोंद देणार का, आणि प्रश्नावली तपासणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. उत्तरपत्रिकेचा फोटो मात्र ती हातातून देण्यापूर्वीच काढून ठेवावा. आमच्याकडे ती नसती तर तक्रारीला जोडायला चकचकीत अहवालाखेरीज काहीच उरले नसते.