टाइप १ मधुमेहाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: आठ महिने वापरल्यानंतर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांचा आणि पालकांचा हा ग्रुप आहे. सभासद दीडशेच्या घरात. बहुतेक लहान मुलांचे आईवडील, थोडे स्वतः इन्सुलिन घेणारे तरुण. नाव आणि लिंक मुद्दाम देत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि मुलीच्या आजाराची बातमी गावभर होऊ नये म्हणून धास्तावलेली घरं यात आहेत.

या आजारात दिवसाला साधारण चार वेळा इन्सुलिन टोचायचं, तेवढ्याच वेळा बोटातून रक्त काढून साखर बघायची. डॉक्टर भेटतात तीन महिन्यांतून एकदा. एचबीए१सीची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणून भेटीचं गणितही तसंच बसलंय. मधले नव्वद दिवस घरात, शाळेत, एसटीत जातात. ‘इन्सुलिनच्या पेनची सुई वाकली, आता काय?’ एवढं विचारायला चंदगडहून कोणी कोल्हापूर गाठणार नाही. ग्रुप कामाला येतो तो इथे. ‘कसं करायचं’ हे विचारायला याच्याइतकी चांगली जागा सापडली नाही. ‘किती घ्यायचं’ हे मात्र इथे विचारू नये, आणि कोणी सांगितलं तर ऐकू नये.

सगळ्यात मोलाची माहिती सिरिंजची. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली बहुधा १ मिलीत ४० युनिट या ताकदीची असते. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट. पेनचं ३ मिलीचं कार्ट्रिज १०० च्या ताकदीचं, त्यात ३०० युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. रात्री पेन बिघडलं, घरात लाल टोपणाची सिरिंज होती, कार्ट्रिजमधून १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत आलं पाव मिली, म्हणजे २५ युनिट. अडीच पट डोस. उलट, ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने १० ओढले तर अंगात जातात फक्त ४, आणि साखर दिवसभर हटत नाही. चिठ्ठीवर ‘१० युनिट’ बरोबरच लिहिलेलं असतं. चूक हातात होते, कागदावर दिसत नाही. म्हणून ग्रुपवर कोणी ‘मेडिकलमधून दुसरी सिरिंज मिळाली’ असं लिहिलं की लगेच उत्तर येतं: बाटलीवरचा आकडा आणि टोपण, दोन्ही एका फोटोत टाका. एवढ्या एका सवयीसाठीसुद्धा ग्रुपमध्ये राहावं.

‘काल १४०, आज ३२०, खाण्यात बदल नाही’ हा नेहमीचा प्रश्न. जुन्या सभासदांचा विचारण्याचा क्रम ठरलेला आहे. हात धुतले होते का? गुऱ्हाळं सुरू झाली की बोटाला गूळ असतोच, आणि रक्ताच्या त्या एवढ्याशा थेंबात तेवढा गूळ आकडा कुठच्या कुठे नेतो. स्पिरिटने पुसण्यापेक्षा साबणाने धुऊन कोरडं केलेलं बोट बरं. साखर तपासायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण घट्ट होतं का? पावसाळ्यात उघड्या डबीतल्या स्ट्रिपा दमट होऊन वाया जातात. पेनमधून आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसला का? टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई काढली का? आणि शेवटी: टोचायच्या जागी हात फिरवून बघा, गाठ लागते का?

या गाठींबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चांगला सल्लाही अंगाशी येऊ शकतो. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून मुलं तीच जागा पुढे करतात. पण गाठीतून इन्सुलिन रक्तात नीट जात नाही; कधी कमी, कधी उशिरा. पोटाचे चार भाग करायचे, एक भाग एक आठवडा, आणि दोन टोचण्यांत निदान एक बोट अंतर, हा उपाय ग्रुप बरोबर सांगतो. पुढचं वाक्य मात्र प्रत्येक वेळी कोणी लिहीत नाही: गाठ सोडून ताज्या जागी तोच डोस दिला तर तो पूर्ण लागतो आणि साखर धाडकन खाली येते. जागा बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना फोन करायचा. हे वाक्य पिन करावं अशी विनंती अ‍ॅडमिनकडे केलेली आहे.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडची अडचण दुधाची. अशक्तपणा म्हटला की हाताला येतं म्हशीचं दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला दुसरं सुचतच नाही. पण पेलाभर दुधात जेमतेम १० ग्रॅम साखर, आणि वरच्या स्निग्धांशामुळे तीही हळू चढते. पेढा, चॉकलेट यांचंही तेच. ते नंतर द्या, आधी साखरेचं पाणी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

खाण्याच्या चर्चेत ग्रुप खरा रंगतो आणि उपयोगीही पडतो, कारण पुस्तकी तक्त्यांत पांढरा रस्सा नसतो. भाकरीचा हिशोब सगळे करतात (५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं), पण मटण आणि नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशामुळे साखर जेवणानंतर दोन तासांनी ठीक दिसते आणि चार-पाच तासांनी चढते. मिसळीतही फरसाण तसंच वागतं. अशा जेवणानंतर झोपण्याआधी आणि रात्री एकदा तपासा, ही सूचना फार कामाची.

आता नावडलेलं. ‘३२० आहे’ असं कोणी लिहिलं की एखादे दादा किंवा काकू ‘४ युनिट द्या, आमच्याकडे उतरते’ म्हणतात. हेतू चांगला, सल्ला घातक. दिवसाला एकूण १५ युनिट लागणाऱ्या लहानग्याची साखर जलद इन्सुलिनच्या एका युनिटने ढोबळमानाने १२० ने उतरते. ६० युनिट लागणाऱ्या तरुणाची ३० ने. तेच ४ युनिट एकाला पुरणार नाहीत, दुसऱ्याला दवाखान्यात नेतील. शिवाय आधीचं जलद इन्सुलिन साधारण चार तास अंगात असतं, त्यावर दुसरं चढवलं की हिशोब चुकतो. डोसचा आकडा आला की अ‍ॅडमिन संदेश काढतात, पण रात्री अकराला नेहमीच कोणी जागं नसतं.

काढे आणि ‘इन्सुलिनपासून सुटका’ यांचे फॉरवर्डही येतात. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. ते बंद केलं तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, धाप आणि आम्लविष, म्हणजे केटोन नावाची आम्लं रक्तात साठणं. याबाबतीत हा ग्रुप कडक आहे: पहिल्या वेळी संदेश काढतात, दुसऱ्या वेळी माणूस. साखर २५० च्या वर, उलटी आणि लघवीच्या पट्टीवर केटोन, असं तिन्ही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका. जेवण बंद असलं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही, आणि थेट दवाखाना.

वापरातली एक अडचण: व्हॉइस मेसेज नंतर शोधता येत नाहीत. लिहिलेलंही कोणी ‘किटोन’, कोणी ‘कीटोन’ लिहितं, त्यामुळे शोध अर्धाच लागतो. कामाचं उत्तर आलं की लगेच स्टार करून ठेवा.

पावसाळ्यात ग्रुपची परीक्षा होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा, ४३ ला धोका. पाणी ३९ कडे निघालं की शिरोळ-करवीरच्या सभासदांनी किती दिवसांचं इन्सुलिन घरात आहे ते लिहायचं, ही चांगली पद्धत. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. वीज गेली की सगळे मातीच्या मडक्याकडे वळतात. पण मडकं गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून, आणि भर पावसाच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. त्याचा खरा फायदा एप्रिल-मेमध्ये. पुरात हवा मुळात गार असते. चालू बाटली सावलीत साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या बाटल्यांची जागा २ ते ८ अंशांत, त्यामुळे त्या पाणी चढण्याआधी फ्रिज चालू असलेल्या नातेवाइकांकडे पाठवा. बर्फ वापरलात तर बाटली टॉवेलात गुंडाळा, बर्फाला थेट लावू नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामीच. पुरात फोनचं चार्जिंग आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा डोसचा तक्ता, डॉक्टरांचा नंबर आणि टोपणांच्या रंगांचा हिशोब जूनमध्येच कागदावर लिहून, स्ट्रिपा आणि साखरेच्या पुडीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.