पिकअपचा वेग आणि इंधनाची बचत: मर्यादित खर्चात आधी कशाला हात घालावा?

पिकअपला, म्हणजे मागे हौदा असलेल्या मालवाहू गाडीला, वेग अधिक हवा आणि इंधनही कमी लागावे, अशी अपेक्षा असलेल्या मालकासमोर साधारणपणे तीन वाटा असतात. आहे ती गाडी मूळ स्थितीत आणणे ही पहिली, तिला होणारा हवेचा आणि टायरांचा विरोध कमी करणे ही दुसरी आणि इंजिनाची ताकदच वाढवणे ही तिसरी. तिसरी वाट सर्वांना खुणावते आणि पहिलीकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. परंतु खर्चाच्या मानाने पदरात काय पडते हे पाहिले तर क्रम नेमका उलटा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेग म्हणजे नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे लागते. थांबलेल्या गाडीने चटकन उचल घेणे, भरल्या गाडीने चढावर दम न सोडणे आणि मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग गाठणे या तीन वेगळ्या गरजा आहेत. यांपैकी कमाल वेगाचा नाद मर्यादित खर्चात सोडून द्यावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिनाची शक्ती १० टक्क्यांनी वाढवूनही कमाल वेगात जेमतेम ३ टक्क्यांची भर पडते. हाच नियम उलट बाजूने मात्र मालकाच्या फायद्याचा आहे. ताशी ११० किलोमीटरऐवजी १०० ने गाडी चालवली, तर हवेचा विरोध सुमारे १७ टक्क्यांनी घटतो आणि २०० किलोमीटरच्या प्रवासाला फक्त ११ मिनिटे जास्त लागतात. पिकअपसारख्या उंच, रुंद आणि चौकोनी गाडीत हा फरक लहान मोटारीपेक्षा ठळकपणे जाणवतो.

आता पहिल्या वाटेकडे पाहू. टायरमधली हवा, चाकांचे अलाइनमेंट, चिकटणारे ब्रेक, सांगितलेल्या ग्रेडचे इंजिन ऑइल आणि बिघडलेले सेन्सर या पाच गोष्टींकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीत उचल आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम खालावलेले असतात, आणि म्हणूनच दुरुस्तीनंतर दोन्ही एकदम सुधारतात. चारही टायरमधली हवा सरासरी १ पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) कमी झाली, तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १० पीएसआयने बसलेले टायर वापरात असणे मुळीच दुर्मीळ नाही. पिकअपच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी बहुधा वेगवेगळे दाब दिलेले असतात आणि तेच पाळावेत, कारण रिकाम्या गाडीत मागे भरल्या गाडीइतकी हवा ठेवली तर मागची चाके उसळतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. इंजिन ऑइलची ग्रेड योग्य असेल तर १ ते २ टक्के वाचतात. धुरातला ऑक्सिजन मोजून इंधनाचे प्रमाण राखायला मदत करणारा ऑक्सिजन सेन्सर निकामी झाला असेल तर मात्र नुकसान ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून इंजिनाचा दिवा पेटलेला असताना इतर कोणत्याही साहित्यावर खर्च करणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते.

चिकटणारा ब्रेक ओळखणे अवघड नाही. सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न वापरता काही किलोमीटर गाडी चालवावी, हळूहळू थांबू द्यावी आणि चारही रिमांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल, तर गाडी सुरक्षितपणे उचलून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ते चाक हाताने फिरवावे. जोडीचे दुसरे चाक जितके मोकळे फिरते तितके ते फिरत नसेल, तर कॅलिपरची (ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन, पिस्टन किंवा हँडब्रेकची केबल अडकलेली असण्याची शक्यता मोठी असते. असे चाक रात्रंदिवस इंजिनाविरुद्ध काम करत असते, आणि त्याची दुरुस्ती वेग वाढवणाऱ्या कोणत्याही सुट्या भागापेक्षा स्वस्त पडते.

वजन कमी करणे आणि ईसीयूचे रिमॅपिंग करणे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील मांडणी बदलून ताकद वाढवणे, यांची तुलना फारशी केली जात नाही, वास्तविक ती सर्वांत आधी व्हायला हवी. भरलेल्या साहित्यासह २,२०० किलो भरणाऱ्या पिकअपमधून नको असलेले २०० किलो उतरवले, तर त्याच इंजिनावर तिची उचल सुमारे १० टक्क्यांनी सुधारते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाचे रिमॅपिंग बहुतेक वेळा इतकेही देत नाही. शिवाय साधारण ४५ किलो उतरवले की इंधनात सुमारे १ टक्क्याची बचत होते. हौद्यात महिनोन्महिने पडून असलेली अवजारे, वाळूच्या गोण्या, लोखंडी गार्ड, जादा स्टेपनी ही सगळी ओझी पाहण्यासारखी आहेत. फोर्ड कंपनीने २०१५ च्या एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा तिचे वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१८ किलोंनी घटल्याचे जाहीर केले होते. ज्यांच्याकडे इंजिन बदलण्याची सगळी साधने आहेत तेही वजनाकडे वळतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हौद्याबाबत तीन पर्याय आहेत: तो उघडा ठेवणे, मागचा फाळका पाडून गाडी चालवणे आणि वरून सपाट झाकण बसवणे. फाळका पाडला की हवा आरपार निघून जाते, हा समज फार जुना आहे आणि ऐकताना पटण्याजोगाही आहे. प्रत्यक्षात फाळका वर असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि टपावरून येणारी हवा त्या भोवऱ्यावरून घसरत मागे जाते. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो आणि बहुतेक गाड्यांमध्ये विरोध वाढतोच. सपाट झाकणाने विरोध काही टक्क्यांनी कमी होतो, पण त्याचा फायदा महामार्गावरच दिसतो. सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री हे काम करत नाही. झाकण ताणलेले किंवा कडक हवे. टपावरील सामानाची पेटी काढून ठेवणे हा त्याहून मोठा आणि फुकटचा लाभ आहे, कारण महामार्गाच्या वेगाला अशी पेटी १० ते २५ टक्के इंधन खाऊ शकते. पुढच्या बंपरखाली कंपनीने दिलेली प्लास्टिकची पट्टी दिसायला बरी नसते म्हणून अनेक जण काढून टाकतात. ती गाडीखाली शिरणारी हवा अडवण्यासाठीच असते, तेव्हा तुटली असेल तर परत बसवावी.

टायरांच्या निवडीत फसगत सर्वाधिक होते. २४५/७० आर१६ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि इंचांत रिमचा व्यास) ऐवजी २६५/७५ आर१६ टायर घातले, तर चाकाचा व्यास सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. चाकावर मिळणारी ओढ तेवढीच घटते, टायर जड असल्याने उचल आणखी मंदावते आणि मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०७ गेलेली असते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी होतात हे खरे, परंतु वाढलेली उंची, रुंदी आणि खडबडीत नक्षी तो फायदा गिळून टाकतात. याउलट, मूळ मापाचेच पण घर्षण कमी असलेले टायर निवडले आणि त्यांचा लोटण्याचा विरोध १० टक्क्यांनी कमी असला, तर इंधनात १ ते २ टक्के वाचतात. जुने टायर झिजून बदलण्याची वेळ आली असेल तेव्हाच हा पर्याय घ्यावा. चिखलात किंवा शेतरस्त्यावर रोज जाणाऱ्याने मात्र १ टक्क्यासाठी पकड गमावू नये.

एअर फिल्टरविषयी अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष बोलके आहेत. संगणकनियंत्रित पेट्रोल इंजिनात तुंबलेला फिल्टर बदलल्याने ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, उचल मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारली. म्हणजे साधा नवा फिल्टर हा वेगाचा उपाय आहे. महागडा इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग) किंवा जाड सायलेन्सर बसवून आवाज वाढतो, पण मूळ इंजिनावर फारसे काही हाती लागत नाही. इंधनाच्या नळीवर लावायची चुंबके आणि गाडीतील बिघड तपासण्याच्या सॉकेटमध्ये खोचायच्या इंधनबचतीच्या डब्या यांवर एक छदामही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही.

विकत घ्यायच्या प्रत्येक वस्तूची किंमत इंधनाच्या लिटरमध्ये मोजली की निर्णय सोपा होतो. समजा गाडीला महिन्याला २०० लिटर लागतात आणि हौद्याच्या कडक झाकणाची किंमत ४०० लिटर इंधनाएवढी आहे. गाडी सतत महामार्गावर असेल आणि ४ टक्के वाचत असतील, तर महिन्याला ८ लिटर वाचून खर्च ५० महिन्यांत भरून निघेल. तीच गाडी शहरात फिरत असेल आणि १ टक्काच वाचत असेल, तर २०० महिने लागतील. मग ते झाकण सामानाच्या संरक्षणासाठी खुशाल घ्यावे, बचतीसाठी नव्हे. मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीने, शक्यतो एकाच पंपावर आणि अनेक टाक्यांची सरासरी काढून करावे, आणि एका वेळी एकच बदल करावा.

एवढे सारे झाल्यावरही चढावर ओढ कमी पडत असेल, तर टर्बो डिझेलच्या मालकाने रिमॅपिंगचा विचार जरूर करावा. २० ते ३० टक्के टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) वाढणे तिथे शक्य असते आणि वाढलेल्या ओढीमुळे वरचा गिअर जास्त वेळ टिकला तर इंधनही थोडे वाचते. पण मिळालेली ताकद रोज वापरली तर ते वाचत नाही. वाढीव टॉर्कचा भार क्लचवर, टर्बोवर आणि गिअरबॉक्सवर पडतो, वॉरंटी जाऊ शकते आणि प्रदूषणाची यंत्रणा बंद करून केलेले काम अनेक ठिकाणी बेकायदा ठरते. जुन्या गाडीचे रिमॅपिंग करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतील हवा दाबली जाताना तयार होणारा दाब) तपासून घ्यावे आणि क्लच घसरतो का ते पाहावे. एक सिलिंडर जरी इतरांपेक्षा बराच मागे पडत असेल, तर रिमॅपिंगसाठी काढून ठेवलेली रक्कम इंजिनाच्या कामालाच लावावी.