अंधारासाठी फुल-फ्रेम: मंद सेन्सर घ्यावा की वेगवान?

अंधारात काम करायला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा एवढं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘नॉइज (फोटोतले दाणे) कुठल्यात कमी?’ मला कोणी असं विचारलं की हल्ली मी उलट विचारतो: तुम्ही जिथे फोटो काढता तिथे शटरचा आवाज चालतो का? आणि दिवे एलईडी आहेत का? या दोन उत्तरांवर माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय होऊन जातो. नॉइजचा नंबर त्यानंतर लागतो.

माझं बहुतेक काम लहान सभागृहांतलं. नाटकं, एकल वादन, कधी काव्यवाचन. फ्लॅश वर्ज्य, प्रेक्षक दोन हातांवर, आणि रंगमंचावरचा माणूस नेमका दिव्याच्या झोताबाहेर जाऊन उभा राहणार हे ठरलेलं. अशा कामासाठी मी दोन्ही जातींच्या बॉड्या वापरल्या आहेत. एक साध्या, म्हणजे मंद वाचनाच्या सेन्सरची, २४ मेगापिक्सेलची. दुसरी स्टॅक्ड, म्हणजे फ्रेम झपाट्याने वाचणाऱ्या सेन्सरची. माझ्याकडच्या बॉड्या कोणत्या कंपनीच्या ते मुद्दाम सांगत नाही. ज्याबद्दल मी तक्रार करणार आहे तो एका कंपनीचा दोष नाहीच. त्या जातीच्या जवळजवळ सगळ्या सेन्सरांचा तो स्वभाव आहे.

जाती कळाव्यात म्हणून ढोबळ वाटणी अशी. मंद गटात सोनी ए७ थ्री आणि ए७ फोर, निकॉन झेड६ टू आणि झेडएफ, पॅनासोनिक एस५ टू. वेगवान गटात सोनी ए९ आणि ए१, कॅनन आर३, निकॉन झेड८ आणि झेड९. मधल्या पायरीवर कॅनन आर६ मार्क टू आणि अर्धवट स्टॅक्ड सेन्सरचा निकॉन झेड६ थ्री. मंद म्हणजे किती? इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचून फोटो घेताना, झेड६ टू अख्खी फ्रेम वरून खाली वाचायला साधारण १/२० सेकंद घेतो, ए७ फोर त्याहून जास्त, १/१५ च्या आसपास. मधल्या गटाला साधारण १/७० सेकंद लागतो. झेड९ हेच काम १/२७० सेकंदात उरकतो, आणि म्हणूनच झेड८ आणि झेड९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही.

आधी नॉइजचं उरकून घेऊ. अंधारात दिसणारा बहुतेक नॉइज कॅमेरा तयार करत नाही, तो प्रकाशातच असतो. फोटॉन कमी पोचले की त्यांची संख्या जागोजागी कमीजास्त होते, आणि ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर पोचणारा प्रकाश सगळ्या बॉड्यांत सारखाच. म्हणून १२, २४ आणि ४५ मेगापिक्सेलच्या फाइली एकाच मापात छापल्या किंवा पडद्यावर एकाच आकारात पाहिल्या तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० ला मला तरी फरक शोधावा लागतो. १०० टक्के झूम करून पाहणाऱ्यांना तो दिसतो, पण १०० टक्क्यांवर कोणी भिंतीवर फोटो टांगत नाही. ‘अंधारासाठी कमी मेगापिक्सेल’ हा सल्ला त्यामुळे मला जुना वाटतो. १२ मेगापिक्सेलचा ए७एस थ्री उत्तम आहे, पण तो मुळात व्हिडिओवाल्यांचा. केवळ स्थिरचित्रांसाठी तो घेणाऱ्याला मी हळूच एकदा विचार करायला सांगेन.

वेगवान सेन्सरविरुद्धचा खरा मुद्दा डायनॅमिक रेंजचा, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील टिपण्याच्या क्षमतेचा आहे, आणि तो खोटा नाही. वेग मिळवताना सावल्यांतली थोडी सफाई जाते. झेड६ थ्री मूळ, म्हणजे सगळ्यात खालच्या आयएसओला झेड६ टूच्या जरा मागे पडतो. ग्लोबल शटरचा (सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा) सोनी ए९ थ्री तर आयएसओ २५० पासूनच सुरू होतो. पण हा तोटा कुठे आहे ते नीट पाहा: तो मूळ आयएसओला आहे, म्हणजे भर उन्हात काळ्या सावल्या उजळवताना. आजच्या बहुतेक सेन्सरांत दोन गेन (सिग्नल वाढवण्याच्या पातळ्या) असतात आणि ठरावीक आयएसओला कॅमेरा दुसऱ्यावर जातो. ए७ थ्रीमध्ये हा बदल ६४० ला होतो, झेड६ मध्ये ८०० ला. त्यापुढे वाचनाचा नॉइज खाली येतो आणि ३२००, ६४०० ला साधा आणि स्टॅक्ड यांच्यातलं अंतर जवळपास मिटतं. काही बॉड्या इलेक्ट्रॉनिक शटरवर १४ ऐवजी १२ बिटची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल देतात, तिचंही तेच. उंच आयएसओला नॉइजच इतका असतो की ते दोन बिट त्याखाली दबून जातात. थोडक्यात, ज्या कारणासाठी लोक वेगवान सेन्सर नाकारतात ते कारण अंधारात फारसं लागू होत नाही.

फोकसबद्दलही चार शब्द, कारण जाहिरातींत उणे ईव्हीच्या (किती काळोखात फोकस लागतो त्याच्या) आकड्यांची चढाओढ असते. झेडएफ उणे १० म्हणतो, आर६ मार्क टू उणे ६.५, ए७ फोर उणे ४. पण पहिले दोन आकडे एफ/१.२ च्या लेन्सवर सांगितलेले आहेत आणि तिसरा एफ/२ वर. त्यातच जवळजवळ दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फरक आला. शिवाय इतक्या काळोखात फोकस लागला तरी शटर स्पीड असा असतो की माणूस हलला की गेला. माझ्या अनुभवात रंगमंचाच्या उजेडाला दोन्ही जातींचे फोकस पुरेसे आहेत. मंद बॉडी कधीकधी चेहरा सोडून मागच्या पडद्यावर जाऊन बसायची आणि परत यायला क्षणभर घ्यायची, वेगवान बॉडी एकदा डोळा धरला की सहसा सोडत नाही. हे मोजमाप नाही, हाताला जाणवलेलं आहे. तेवढ्यावर मी बॉडी बदलली नसती.

बदलली ती पट्ट्यांमुळे.

नाटकात एक जागा येते जिथे कोणीच बोलत नाही. पात्र नुसतं उभं असतं आणि सभागृहात कोणी खोकतसुद्धा नाही. फोटो नेमका तिथे असतो, आणि यांत्रिक शटरचा ‘खट्’ आवाजही नेमका तिथेच तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवण्याची सोय) लावला की आवाज मऊ होतो, पण जात नाही. पुढच्या खुर्चीतला माणूस मागे वळून बघतो. काही बोलत नाही, पण तेवढं पुरतं. मग तुम्ही सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावता, समाधानाने फ्रेम घेता, घरी येऊन फाइल उघडता आणि नटाच्या पांढऱ्या शर्टावर सतरंजीसारखे आडवे पट्टे पसरलेले असतात. एक उजळ, एक काळपट, पुन्हा उजळ. दिवे रंगीत असले तर आणखी मजा: लाल, हिरवा, निळा एलईडी स्वतंत्रपणे मंद केलेला असतो, त्यामुळे पट्टेही रंगीत येतात. कपाळ गुलाबी, नाक हिरवट, हनुवटी पुन्हा गुलाबी.

कारण साधं आहे. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेन्सर १/२० सेकंदात वाचला गेला तर तेवढ्यात दिव्याची पाच आवर्तनं होतात, म्हणजे फ्रेममध्ये पाच पट्टे. मंद करायला पल्स विड्थ पद्धत (दिवा झपाट्याने चालू-बंद करण्याची) वापरणारे रंगमंचाचे दिवे याहून जलद लुकलुकतात. समजा ३०० हर्ट्झ, तर पट्टे पंधरा. तोच १०० हर्ट्झचा दिवा १/२७० सेकंदात वाचणाऱ्या सेन्सरसमोर अर्धंही आवर्तन पुरं करत नाही, त्यामुळे फार तर फ्रेमच्या एका बाजूला उजेड किंचित उतरतो. यांत्रिक शटरचे पडदेही साधारण याच वेगाने सरकतात, म्हणून त्यावर पट्टे क्वचितच त्रास देतात. म्हणजे मंद बॉडीत तुम्हाला आवाज किंवा पट्टे यांपैकी एक पत्करावं लागतं. वेगवान बॉडीत ही निवड करावीच लागत नाही. मधल्या गटात १०० हर्ट्झला दीडेक पट्टा येतो. तो पुष्कळदा खपून जातो, पण नेमका चेहऱ्यावर आला तर नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की १०० हर्ट्झचे पट्टे जातात, कारण प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण आवर्तनं मिळतात. उभ्या माणसाला ते चालतं, वळणाऱ्या माणसाचा हात मात्र १/१०० ला धूसर होतो. मला रंगमंचावर १/२५० च्या खाली जायला आवडत नाही. फ्लिकर रिडक्शन म्हणून जी सोय असते ती सहसा १०० आणि १२० हर्ट्झपुरतीच, तीही यांत्रिक शटरवर. नव्या बॉड्यांत शटर स्पीड दशांशात बदलून दिव्याशी जुळवता येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे बघत चाक फिरवत राहायचं, ते विरळ होईपर्यंत. एकाच प्रकारचे दिवे असले तर हे छान जमतं. पुढून एक दिवा, मागून दुसऱ्याच जातीचा, आणि प्रवेशागणिक बदलणारी प्रकाशयोजना असली की चाक फिरवण्यातच तो क्षण निघून जातो.

आणि माझ्यासाठी पारडं झुकलं ते इथे. नॉइज आता नंतर घालवता येतो. डीएक्सओचं नॉइज काढणारं डीपप्राइम २०२० साली आलं, ॲडोबीने लाइटरूममध्ये डीनॉइज २०२३ साली दिलं, आणि तेव्हापासून आयएसओ १२८०० ची रॉ फाइल मी बिनधास्त वापरतो. पट्टे मात्र असे पुसता येत नाहीत. ते त्वचेवर, कापडावर, पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या रंगाने बसलेले असतात, आणि एक फोटो हाताने सुधारायला संध्याकाळ जाते. ज्या दोषावर एका बटणाचा इलाज आहे त्याची तुलना करत बसायचं आणि ज्यावर इलाज नाही तो विसरायचा, हे मला पटत नाही.

मंद जातीच्या बाजूने बोलायला मात्र बरंच आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. त्या बॉड्या हलक्या असतात, बॅटरी पुरवून वापरतात, वापरलेल्या सहज मिळतात. वाचलेल्या पैशात येणारी लेन्स कुठल्याही सेन्सरहून जास्त फरक पाडते: एफ/४ च्या झूमवरून एफ/१.८ च्या प्राइमवर (झूम न होणाऱ्या लेन्सवर) गेलात की सव्वादोन स्टॉप मिळतात, म्हणजे १२८०० चं काम २५०० च्या आसपास होतं. दोन सेन्सरांमधून एवढा फरक तुम्हाला मिळणार नाही. रस्त्यावर रात्री फिरून फोटो काढणाऱ्याला शटरच्या आवाजाचं काय? तिथे रहदारीत तो कोणालाच ऐकू येत नाही. तारे, रात्रीचे डोंगर, तिपाईवरचं दीर्घ एक्स्पोजर यांत सेन्सर किती वेगाने वाचला याला काडीची किंमत नाही आणि मंद सेन्सरच्या स्वच्छ सावल्या उपयोगी पडतात. अशा कामाला मीही तीच बॉडी सुचवेन. लग्नाचं काम करणारे मध्ये कुठेतरी येतात. विधीच्या वेळी आवाज नको, पण स्वागत समारंभात गोंगाटच असतो. त्यांना मधला गट बहुधा पुरेल.

आतमध्ये आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दल कोणीतरी विचारणारच. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर अंधारात डोळ्याला अजूनही सुखाचा वाटतो. इलेक्ट्रॉनिकवर काळोखात दाणे दिसतात आणि हालचाल किंचित मागे राहते. पण आरशाचा आवाज हा शटरहूनही मोठा, त्यामुळे शांत सभागृहात तो पर्याय मी धरत नाही.

ए९ थ्रीसारख्या ग्लोबल शटरवर सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, तिथे पट्टे उमटतच नाहीत. ज्यांचं पोट रंगमंचाच्या फोटोंवर आहे त्यांनी तो जरूर हाताळावा. माझ्यापुरतं सांगायचं तर पट्टे आधीच इतके कमी झाले होते की त्यासाठी सावल्यांतला आणखी नॉइज घ्यावासा वाटला नाही.

तुम्ही अजून काठावर असाल तर विकत घेण्याआधी बॉडी एका संध्याकाळपुरती भाड्याने आणा. जिथे नेहमी काम करता त्याच सभागृहात, त्याच दिव्यांखाली, सायलेंट शटरवर १/२५० ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. मग दिवे निम्म्यावर मंद करायला सांगा आणि पुन्हा काढा, कारण पूर्ण तेजाला शहाण्यासारखे वागणारे कित्येक दिवे मंद केले की लुकलुकायला लागतात. दोन्ही वेळा भिंत सपाट आली तर मंद सेन्सरची बॉडी निर्धास्त घ्या आणि उरलेले पैसे ८५ मिलिमीटर एफ/१.८ वर घाला. पट्टे दिसले तर दिवे बदलणं तुमच्या हातात नसतं, बॉडी बदलणं असतं.