चिपळूणचे रस्ते, रेल्वे आणि पूल: वर्षभर रोज वापरल्यावर

ऑगस्ट २०२३ ला नोकरीसाठी कराडहून चिपळूणला आलो. लोटे एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, खोली बाजारपेठेच्या मागं. म्हणजे रोज वाशिष्ठीचा पूल आणि परशुराम घाट, महिन्यातनं दोनदा कुंभार्ली घाट उतरून-चढून कराड, आणि बहीण डोंबिवलीला म्हणून अधनंमधनं रेल्वे. वर्ष झालं, आणि इकडं बदली झालेले बरेच जण विचारतात "येण्याजाण्याचं कसंय", म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं पुलाचं. बहादूरशेख नाक्याजवळचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल जुलै २०२१ च्या पुरात खचला आणि मुंबई-गोवा हायवेच बंद पडला होता. आता नवीन पुलावरनं जातो, रुंद आहे, चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भानगड अशी की गाव नदीच्या अलीकडं आणि स्टेशन, लोटे, मुंबई सगळं पलीकडं. पावसाळ्यात कंपनीची बस पुलावर आली की गप्पा बंद आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. सुरुवातीला मला वाटलं मगर दिसली की काय (वाशिष्ठीत मगरी आहेत, रस्त्यावर पण येतात, चेष्टा नाही). नंतर कळलं, पाणी कुठवर आलंय ते बघतात. घरमालकीण काकूंनी जिन्याच्या भिंतीवर २१ च्या पाण्याची खूण अजून पुसलेली नाही, रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी सोडून दिला. खूण माझ्या डोक्याच्या वर आहे.

आणि ही नदी म्हटलं तर आमचीच. आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावर जी कोयना कृष्णेला मिळते तिचंच पाणी वीज तयार करायला डोंगरातनं पोफळीकडं उतरवतात, ते पुढं वाशिष्ठीत येतं. त्यामुळं उन्हाळ्यात पण नदी वाहती असते. मला हे इथं येऊन कळलं, कराडात राहून कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता हायवे. १६ ऑक्टोबर २०२३, सोमवार, मी फर्स्ट शिफ्टला गेलो तेव्हा नाक्यावरच्या नव्या फ्लायओव्हरचं काम नेहमीसारखं दिसत होतं, आणि दुपारपर्यंत गर्डर आणि ते वर बसवणारं लाँचर मशीन दोन्ही खाली. कोणाचा जीव गेला नाही हे नशीब, कारण खालनंच हायवे जातो. सुटल्यावर बस नाक्याच्या आधीच थांबली, तिथनं चालत घरी आलो, ते वाकलेलं लोखंड बघून पोटात गोळाच आला. तेव्हापासून नाक्यावर कधी पाच मिनिटं तर कधी अर्धा तास, शिफ्ट पकडायची तर मी वीस मिनिटं जास्तीची धरूनच निघतो. परशुराम घाट रुंद झालाय, काँक्रीट झालंय, उन्हाळ्यात गाडी मख्खन, पण पावसात एका बाजूला डोंगराची माती आणि दुसऱ्या बाजूला भराव, मधे एखादी लेन बंद, धुकं असलं की ड्रायव्हर पण मनातनं परशुरामाला हात जोडतो. कुंभार्लीबद्दल जास्त लिहीत नाही. ९५ एक किलोमीटरला एसटीत तीन तास, हेळवाकच्या आसपास कंबर धरून बसायचं. निसर्ग मात्र एक नंबर.

रेल्वे हा खरा इथला प्लस पॉइंट. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तुतारी, दिवा-सावंतवाडी, सगळ्या थांबतात. वंदे भारत जून २०२३ ला सुरू झाली तेव्हा थांबा खेडला दिला आणि आपल्याला नाही, ते गावाला अजून लागतं, चहाच्या टपरीवर विषय काढून बघा. लाईन सिंगल आहे त्यामुळं क्रॉसिंगला गाडी बाजूला काढली की बसा वडापाव खात. पावसाळी टाईमटेबल लागलं की वेग आणखी कमी, पण ते बरोबरच आहे.

का बरोबर ते १४ जुलै २०२४ ला कळलं. रविवार, बहिणीकडनं रात्रीच्या गाडीनं निघणार होतो आणि संध्याकाळी बातमी, खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड रुळावर. जवळजवळ चोवीस तास लाईन बंद. सोमवारची सेकंड शिफ्ट होती म्हणून पहाटे पनवेलहून शेअर गाडी पकडली, माणशी ८००, आठ जण कोंबलेले, आणि कशेडीच्या बोगद्यातनं आलो. पूर्वी कशेडीचा घाट चढून उतरायला पाऊण तास जायचा, बोगद्यात काही मिनिटांत पार. हे एक काम खरंच पैसे वसूल. पण त्या दिवशी परशुराम घाट पण बंद असता तर मी पनवेलला वडापाव खात बसलो असतो. इथं प्रत्येक गोष्ट वेगवेगळी बघितली तर बरी आहे हो, एक बंद पडली की दुसरी वाट नाही हे दुखणं. चिपळूण-कराड रेल्वेचं मी शाळेत असल्यापासनं ऐकतोय, ती झाली असती तर निदान घाटाकडनं एक दार उघडं राहिलं असतं.

खोली बघत असाल तर भाड्याआधी २१ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, लोक न लाजता दाखवतात. आणि शक्यतो वरचा मजला घ्या, मी खालचा घेतलाय.

परवा आईचा फोन आला, "कृष्णेला पाणी आलंय, तुझ्याकडं कसंय?" मी नेमका बसमधे, पुलावर. मान काढून बघितलं आणि सांगितलं, काठावरची झुडपं अजून दिसतायत.